चराईच्या कचेरीला बदलीचा हुकूम

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात नोकरीला आहे. परवा फोनवर सांगत होता, की तिकडच्या ग्रँड जंक्शन नावाच्या गावात सरकारी चराईरानांचं देशाचं मुख्यालय आणलं होतं, वर्षा-दोन वर्षांत ते परत वॉशिंग्टनला गेलं, आणि आता त्या खात्यातली माणसंच कमी करायला घेतलीत. आमच्या घरी तीन पिढ्या मेंढरं आहेत म्हणून कुतूहल वाटलं. अमेरिकेत सरकार जनावरं चारायला रान देतं? आणि कचेरी इकडची तिकडे केल्यानं गवताला काय फरक पडतो?
– एक वाचक, दहिवडी

उत्तर : फरक पडतो, पण उशिरा. कचेरीची इमारत कुठल्या गावात आहे यापेक्षा ती हलवताना कोण कोण नोकरी सोडून गेलं, यावर तो ठरतो. पण आधी तुमचा पहिला प्रश्न घेऊ, तो सोपा आहे.

हो, सरकार रान देतं, आणि थोडंथोडकं नाही. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, या केंद्रीय संस्थेच्या ताब्यात सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आहे. तीन महाराष्ट्र त्यात बसवले तरी वर जागा उरेल. जवळपास सगळी जमीन पश्चिमेकडच्या राज्यांत आणि अलास्कात. नेवाडा, युटा, आयडाहो, वायोमिंग या भागांत पाऊस बेताचा, माती हलकी. शेती होत नाही, पण सेजब्रशची झुडपं आणि मधून मधून गवत असतं. यातली सुमारे साडेपंधरा कोटी एकर चराईला खुली आहे आणि त्यावर १८ हजारांच्या आसपास परवाने आहेत. परवाना साधारण दहा वर्षांचा. कुठल्या रानात, किती जनावरं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. डोंगरावरच्या जंगलातली चराई फॉरेस्ट सर्व्हिसकडे, आणि ती संस्था शेती खात्याखाली. बीएलएम इंटिरिअर खात्याखाली. एकाच पशुपालकाची गुरं उन्हाळ्यात वर फॉरेस्टच्या रानात आणि आधी-नंतर खाली बीएलएमच्या रानात, असं तिकडे सर्रास चालतं. दोन परवाने, दोन साहेब. धनगराला यात नवल वाटायचं कारण नाही.

ही व्यवस्था १९३४ सालची. त्याआधी सरकारी माळ सगळ्यांचा होता, म्हणजे जो आधी पोचेल त्याचा. बर्फ वितळून गवत धड फुटायच्या आत कळप रानात घुसत, कारण आपण थांबलो तर दुसरा चारून जाणार. गुराखी आणि मेंढपाळ यांच्यात मारामाऱ्या होत, माणसंही मरत. १९३४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यभागातल्या उघड्या पडलेल्या जमिनीची धूळ उडून थेट न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनपर्यंत पोचली. त्याच जूनमध्ये टेलर ग्रेझिंग ॲक्टवर अध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली. हा कायदा आणणारे खासदार एडवर्ड टेलर हे कोलोरॅडोचेच.

कायदा झाला, पण राबवायला माणसं नव्हती. मंत्री हॅरॉल्ड इकीझ यांनी या कामावर फॅरिंग्टन कार्पेंटर यांना नेमलं. हे गृहस्थ हार्वर्डला कायदा शिकलेले आणि कोलोरॅडोत स्वतः गुरं पाळणारे. त्यांनी भूगर्भ सर्वेक्षणाकडून मोजकी माणसं उसनी घेतली आणि गावोगाव सभा लावल्या. पहिली सभा कुठे झाली? तुमच्या भाच्यानं सांगितलेल्या त्याच ग्रँड जंक्शनला, १९३४ च्या सप्टेंबरात. सभागृहात गायवाले एका बाजूला बसले आणि मेंढीवाले दुसऱ्या बाजूला. कार्पेंटरनी दोन्ही बाजूंना आपापली माणसं निवडायला लावली आणि त्यांचंच मंडळ केलं : कोणाचं रान कुठलं, ते तुम्हीच सांगा. खात्याची माणसं कमी ठेवायची आणि गावकऱ्यांचा शब्द जड ठेवायचा, हा त्यांचा खाक्या. इकीझना तो पसंत पडला नाही आणि १९३८ साली कार्पेंटर घरी गेले. पण मंडळं राहिली आणि खातंही अशक्त राहिलं. पुढे घडलेल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ मला इथंच दिसतं.

कारण माणसं कमी करण्याचा पहिला मोठा खेळ १९४६ सालीच होऊन गेला आहे. तेव्हा खात्याचं नाव ग्रेझिंग सर्व्हिस होतं. चराईचा दर होता गाईमागे महिन्याला पाच सेंट. खात्याच्या प्रमुखानं तो तिप्पट करायचं सुचवलं. नेवाडाचे सिनेटर पॅट मॅकॅरन पशुपालकांच्या बाजूनं उभे राहिले; अनेक वर्षं चौकशीच्या सुनावण्या घेऊन त्यांनी खात्याला भंडावून सोडलं आणि दरवाढ होऊ दिली नाही. दुसऱ्या सभागृहातली खर्चाची समिती म्हणाली, तुमची वसुली तुमच्या खर्चाला पुरत नाही, मग आम्ही पैसे का द्यायचे? एकानं उत्पन्न वाढू दिलं नाही, दुसऱ्यानं उत्पन्न नाही म्हणून खर्च कापला. खात्यातली बहुतेक माणसं गेली. त्याच वर्षी अध्यक्ष ट्रुमन यांनी उरलेलं ग्रेझिंग सर्व्हिस आणि १८१२ पासूनचं जुनं जनरल लँड ऑफिस एकत्र करून बीएलएम बनवलं. खातं इतकं खंगलं होतं, की काही काळ पशुपालकांच्या सल्लागार मंडळांनी आपल्या हातातल्या निधीतून चराई कर्मचाऱ्यांचे पगार भागवले. ज्याच्या जनावरांची मोजणी करायची, त्याच्याच पैशावर मोजणारा जगतो, अशी ही गत.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. त्यासाठी या खात्यातला एकच माणूस जवळून बघू. हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, तिकडे बोलताना त्याला ‘रेंज कॉन’ म्हणतात. त्याचं काम गवत वाचायचं. हंगाम सुरू होण्याआधी तो रानात ठरलेल्या जागी तारेचे पिंजरे ठोकून ठेवतो, म्हणजे आतलं गवत जनावराच्या तोंडी लागत नाही. हंगाम सरला की पिंजऱ्यातलं आणि बाहेरचं सारख्याच मापाच्या चौकटीतलं गवत कापायचं, वाळवायचं आणि वजन करायचं. जो फरक निघेल तेवढं जनावरांनी खाल्लं. ओढ्याकाठी तो पट्टी लावून गवताचं उरलेलं बुडखं मोजतो; साधारण चार ते सहा इंच राहिलं पाहिजे, नाहीतर पुढच्या पुरात काठ सुटतो. काही ठिकाणी वर्षानुवर्षं त्याच जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून फोटो काढायचे असतात. खुंटी कुठे रोवलीय ते नकाशात असतं, पण जुना माणूस सोबत नसला तर झुडपांत ती सापडता सापडत नाही.

आणि जे मोजता येत नाही ते वेगळंच. एप्रिलमध्ये आयडाहोतली एखादी टेकडी हिरवीगार दिसते. नवखा माणूस म्हणेल, काय रान फुललंय! रेंज कॉन खाली बसतो, मूठभर उपटतो आणि सांगतो की हे चीटग्रास आहे. बाहेरून आलेलं, एका हंगामात मरणारं गवत. ते लवकर वाळतं आणि मग ठिणगी पुरते. वणवा गेला की सेजब्रश परत येत नाही, चीटग्रास मात्र दुप्पट जोमानं येतं. टेकडी हिरवी आहे म्हणून जनावरं वाढवायची, की बहुवर्षायू गवताला दम घ्यायला दोन वर्षं रान बंद ठेवायचं, हा निर्णय असं रान दहा-पंधरा वर्षं तुडवलेल्या माणसाच्या सांगण्यावर होतो. तुमच्या वाडवडिलांकडे हीच नजर असणार.

२०१९ च्या जुलैत इंटिरिअर खात्यानं जाहीर केलं, की बीएलएमचं मुख्यालय वॉशिंग्टनहून ग्रँड जंक्शनला जाणार. युक्तिवाद कानाला बरा लागतो : जमीन पश्चिमेत, तर साहेब पूर्वेत कशाला? मी तो उडवून लावणार नाही. कोलोरॅडोतल्या दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांना कचेरी आपल्याकडे हवीच होती. अडचण अशी, की या खात्याचे दहा हजारांच्या घरातले जवळपास सगळे कर्मचारी आधीपासून पश्चिमेतच होते. वॉशिंग्टनला उरली होती ती अंदाजपत्रक मांडणारी, संसदेला उत्तरं देणारी, नियम लिहिणारी आणि इतर खात्यांशी भांडून आपलं काम करून घेणारी मोजकी माणसं. हे काम राजधानीतच करावं लागतं. मंत्रालयातला वित्त विभागाचा टेबल गडचिरोलीला नेला, तर गडचिरोलीच्या फायली लवकर सुटतील का?

नोव्हेंबरात बदलीची पत्रं निघाली. तीस दिवसांत हो की नाही ते कळवा. ३२८ पदं वॉशिंग्टनबाहेर न्यायची होती. त्यातली २८७ माणसं निवृत्त झाली किंवा दुसरी नोकरी धरून गेली. ४१ जण गेले, पण तेही वेगवेगळ्या राज्यांत विखुरले. ग्रँड जंक्शनच्या मुख्यालयात किती पोचले? तीन. तीनशे नव्हेत, तीन. मुलांच्या शाळा, नवरा-बायकोच्या नोकऱ्या, घराचे हप्ते हे जगात सगळीकडे सारखंच असतं. ज्या माणसाला काढायचं नाही पण राहूही द्यायचं नाही, त्याला बदलीचा कागद धरायला लावणं ही युक्ती आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

त्यांच्याकडे आपल्या कॅगचं काम करणारी संस्था आहे, गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस. तिनं २०२१ साली हिशेब मांडला. मुख्यालयातल्या रिक्त जागा जुलै २०१९ मध्ये १२१ होत्या, त्या मार्च २०२० मध्ये ३२६ झाल्या होत्या. मुख्यालयातल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. इतर कचेऱ्यांतून तात्पुरती माणसं आणून काम रेटलं जात होतं. खुद्द खात्याच्या प्रमुखाची खुर्चीही प्रभारीच होती. विल्यम पेरी पेंडली हे प्रभारी, केंद्राच्या जमिनी विकून टाकाव्यात असं पूर्वी लिहून बसलेले वकील. त्यांनी ४२४ दिवस बेकायदा कारभार केला, असा निकाल मोंटानातल्या केंद्रीय न्यायाधीशांनी सप्टेंबर २०२० मध्ये दिला. सरकार बदललं आणि २०२१ च्या सप्टेंबरात मंत्री डेब हालंड यांनी मुख्यालय परत वॉशिंग्टनला नेलं. ग्रँड जंक्शनला पश्चिमेचं मुख्यालय म्हणून ठेवलं. पाटी परत लावता आली. गेलेली माणसं काही परत आली नाहीत.

२०२५ ची गोष्ट आणखी वेगळी, कारण या वेळी झळ थेट रानातल्या माणसापर्यंत पोचली. जानेवारीत नवी भरती थांबली. फेब्रुवारीत परिविक्षाधीन, म्हणजे नोकरीत अजून पक्के न झालेले, कर्मचारी एका फटक्यात काढले. इंटिरिअर खात्यातले दोन हजारांच्या वर, त्यातले बीएलएमचे सुमारे आठशे अशी तेव्हाची बातमी. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीशांनी त्यांना परत घ्यायला सांगितलं, एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. याच काळात अनेक खात्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या सरकारी खरेदी कार्डांची मर्यादा एक डॉलरवर आणून ठेवली होती. एक डॉलरमध्ये कुंपणाचे चार खिळे यावेत. जुलैत शेती खात्यानं फॉरेस्ट सर्व्हिसची नऊ विभागीय कार्यालयं टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं. ऑक्टोबरात इंटिरिअर खात्यानं न्यायालयात सादर केलेल्या योजनेत दोन हजारांहून जास्त पदं कापायची होती, त्यात बीएलएमची ४७४. न्यायालयानं ती रोखली, आणि नोव्हेंबरात बंद पडलेलं सरकारी कामकाज पुन्हा सुरू करणाऱ्या कायद्यानं अशा कपातीला जानेवारी २०२६ अखेरपर्यंत थोपवून धरलं.

मग गवताचं काय? इथं एक कलम ध्यानात घ्या, बहुतेक बातम्यांत ते नसतंच. चराईच्या परवान्याची मुदत संपली की नव्यानं देण्याआधी त्या रानाची पर्यावरणीय तपासणी व्हायला हवी. पण तपासणी वेळेत झाली नाही तर? तर परवाना जुन्याच अटींवर आपोआप पुढे चालू. ही सवलत नव्वदीच्या दशकाच्या शेवटी तात्पुरती म्हणून आली, दरवर्षी लांबवली गेली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या एका जाडजूड विधेयकात घालून कायमची झाली. तेव्हा हिशेब सरळ आहे. रेंज कॉन नाही, म्हणून तपासणी नाही. तपासणी नाही, म्हणून जनावरांचा आकडा दहा वर्षांपूर्वीचाच, मधल्या काळात दुष्काळ पडो की वणवा लागो. प्रोपब्लिका आणि हाय कंट्री न्यूज या तिकडच्या वृत्तसंस्थांनी मिळून केलेल्या शोधात आढळलं, की २०१३ साली चराईच्या निम्म्याहून कमी क्षेत्राला अशी बिनतपासणीची परवानगी होती. २०२३ पर्यंत ती सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्राला झाली होती. म्हणजे दोन्ही पक्षांच्या राजवटीत हे वाढत गेलं. कायदा बदलायचा तर संसदेत आरडाओरडा होतो, पेपरांत अग्रलेख येतात. रिकामी जागा न भरण्याला कुणाची सही लागत नाही. मला यातला खरा मुद्दा हा वाटतो.

यात पशुपालकांचा फायदाच आहे, असं वाटेल. तसं नाही. पाऊस लांबला म्हणून जनावरं दोन आठवडे उशिरा सोडायची आहेत, पाण्याची पाइपलाइन टाकायची आहे, कुंपणाची रेषा बदलायची आहे, अशा प्रत्येक गोष्टीला त्याच कचेरीची संमती लागते. टेबलावर माणूस नसेल तर अर्ज पडून राहतो. पक्का पशुपालक रेंज कॉनशी वाद घालतो, पण तो नसला तर त्याचंही अडतं. यातली गंमत बघा : ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे पदकपातीची योजना न्यायालयात आली त्याच महिन्यात, सरकारनं गोमांसाच्या वाढत्या भावांवर उपाय म्हणून रिकाम्या पडलेल्या सुमारे २ कोटी ४० लाख एकर रानात चराई सुरू करायची योजना जाहीर केली. देशातली गुरांची संख्या १९५१ नंतर सर्वांत कमी झाली आहे, त्यामुळे हेतू समजण्याजोगा आहे. पण वर्षानुवर्षं रिकाम्या रानात किती जनावरं सोडायची, तिथलं पाणी आहे की आटलंय, कुंपण उभं आहे का, हे बघायला जाणार कोण?

प्रश्न : अमेरिकेत सरकारी रानात चराईचा दर काय आहे? तो परवडतो का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : एक गाय वासरासह, किंवा पाच मेंढ्या वा शेळ्या, एक महिना चरल्या की ते एक एकक. २०१९ ते २०२५ या काळात एका एककाचा दर होता १.३५ डॉलर. हा किमान दर. १९७८ च्या कायद्यातल्या सूत्रानं दर ठरतो आणि अध्यक्ष रेगन यांनी १९८६ साली घातलेल्या तळाखाली तो जात नाही. खासगी माळावर पश्चिमेतच वीस डॉलरच्या वर पडतात. पशुपालक म्हणतात, खासगी रानात पाणी, कुंपण, रस्ता तयार असतो. इथं ते सगळं आम्ही बघतो, वर लांडग्यांचं नुकसान. त्यात तथ्य आहे, पण इतकी तफावत त्यानं भरून निघत नाही. वर सांगितलेल्या लेखापरीक्षण संस्थेनं २००५ साली काढलेला हिशेब असा, की २००४ मध्ये केंद्राच्या संस्थांनी चराईवर किमान १४.४ कोटी डॉलर खर्च केले आणि वसूल झाले सुमारे २.१ कोटी. नेवाडातल्या एका पशुपालकानं तर १९९३ पासून हेही पैसे भरायचं बंद केलं. २०१४ साली त्याची गुरं उचलायला खात्याची माणसं गेली तेव्हा बंदुका घेऊन माणसं आडवी आली आणि खात्याला गुरं सोडून माघारी यावं लागलं.

प्रश्न : आपल्याकडे असं चराईचं स्वतंत्र खातं आहे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. गायरान महसूल खात्याच्या दप्तरात असतं आणि सांभाळायला ग्रामपंचायतीकडे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या २२ व्या कलमाखाली गुरचरणासाठी जमीन राखून ठेवता येते. अशा सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली जगपालसिंग खटल्यात राज्यांना सांगितलं. जंगलातलं कुरण वन खात्याकडे, आणि मेंढपाळाची गाठ पडते ती वनरक्षकाशी. झाशीला १९६२ पासून गवत आणि चाऱ्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, पण तिचं काम संशोधनाचं, रान सांभाळायचं नाही. तलाठी गायरानाची हद्द सांगेल, ग्रामसेवक अतिक्रमणाची नोटीस काढेल. त्यावर गवत किती उरलंय ते बघणं यांपैकी कुणाच्याच कामात मोडत नाही. गावात ती मोजदाद हवी असेल तर सध्या ग्रामसभेत ठराव करून गावानंच करायची.